विरजणाची माती

"चिडीला नुसती माती चालत नाही, बाळ. तिला ओळखीची माती लागते."

वडिलांचा हा आवाज तिच्या कानात राहिला, तो ती सात-आठ वर्षांची असल्यापासून. ते चिडीच्या, म्हणजे पाइनच्या, जुन्या झाडाच्या बुंध्याशी गुडघे टेकायचे, सुयांसारख्या गळलेल्या पानांचा थर अलगद बाजूला सारायचे आणि खालची काळी, भुसभुशीत माती मूठभर काढून तिच्या नाकाशी धरायचे. त्या मातीत पांढरे तंतू असायचे, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक. हे विरजण, असं ते म्हणायचे. दुधाला लागतं तसं रोपालाही लागतं. हे नसलं तर रोप मरत नाही, पण जगतही नाही. पाहुण्यासारखं अंग चोरून उभं राहतं. पलीकडे आई बिया चाळता चाळता गुणगुणायची,

लेक निघाली सासरी, गाठोड्यात घरची माती,
नव्या रानात रुजू दे, जुन्या मुळांची नाती.

आता तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि मातीतलं काहीही पांढरं दिसलं की ती वाकून आधी त्याचा वास घ्यायची.

सासरचं रान उतारावर होतं. सगळ्यात खाली नवा तुकडा. त्याच्या वर एकटी थोरली, चिडीचं सगळ्यात जुनं झाड. थोरलीच्या वर तिच्याच बियांतून वाढलेल्या सहा पोरी, आणि मग बांध. बांधापलीकडे शेजाऱ्याचं शेत. तो वर राहायचा म्हणून या घरात त्याला वरचाच म्हणत. थोरली सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेली. निळसर हिरवी, जमिनीपासून शेंड्यापर्यंत घागऱ्यासारखी भरलेली. बर्फ साचलं तर फांदी वाकायची, मोडायची नाही. लोक लांबून तिला बघायला यायचे आणि फाटकापाशी लावायला तिचंच रोप मागायचे. सासरे, म्हणजे आबा, प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचे, "शोभेला लावा, नातवंडं चिलगोजे खातील." ऐकणारा हसायचा. आबा हसत नसत. चिलगोज्याला, बोंडातल्या त्या खायच्या बीला, घाई चालत नाही, बोंड धरल्यापासून पिकेपर्यंतच दोन वर्षं जातात, हे त्यांना हसण्यावारी नेण्यासारखं वाटत नसे.

त्या वर्षी थंडी पडायच्या आधी नव्या तुकड्यातलं एक झाड पिवळं पडलं.

ते तिनंच आधी पाहिलं. सकाळी ती खुरपं घेऊन खाली गेली होती. सात झाडं एका ओळीत, छातीएवढी. चौथ्याच्या सुया कडेनं वाळल्यासारख्या झाल्या होत्या आणि बुंध्याशी राळ ओघळून मातीत गोठली होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग खुरप्याच्या टोकानं साल थोडी उचकटली. सालीखाली पांढरा पापुद्रा होता, तापल्या दुधावर साय धरावी तसा, आणि त्याला ओल्या अळंबीचा वास येत होता. तिनं साल परत जागेवर दाबली. वर माती ओढली. दोन्ही हातांनी थापली.

हा वास तिच्या ओळखीचा होता. सहा वर्षांपूर्वी, वडील गेले तेव्हा ती माहेरी गेली होती, तेव्हाही तो तिथं होता. तिला वाटलं होतं, पावसाचा असेल.

त्या वेळी सासरी नव्या तुकड्यातली ही सात रोपं दोन वर्षांची होती. आधी तिथं भाजीपाल्याची जमीन होती, चिडीला अनोळखी. बी तिथंच टोकलेलं, उगवलेलं, पण रोपं वीतभर होऊन थांबली. वडील एकदा येऊन बघून गेले होते आणि म्हणाले होते, मी दोन पोती माती पाठवतो. आबांनी त्यांना चहा दिला, फाटकापर्यंत सोडलं आणि वळून घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या रानाला कुणाच्या मातीची भीक लागत नाही." स्वतःच्या झाडांच्या पायाशीही ते कुणाला खणू देत नसत. मेंढ्यांचं खत घाला, बास, हे त्यांचं शास्त्र. मग वडील गेले. निघायच्या दिवशी ती त्यांच्या झाडांखाली गेली. जिथं ते गुडघे टेकायचे तिथली माती तिनं हातांनी ओढून दोन पोत्यांत भरली. वडील माती नेहमी चाळून घ्यायचे, मुळाचा तुकडा राहू द्यायचे नाहीत. तिनं चाळली नाही. ती त्यांची माती होती. त्यातलं काय टाकून द्यायचं, हे तिला ठरवता येईना. तिथली दोन झाडं पिवळी दिसत होती. तीही दुःखात असतील, असं काहीतरी त्या दिवशी तिच्या मनात आलं होतं.

घरी तिनं सांगितलं, माहेरच्या सुया आहेत, खुराड्यात अंथरायला. आणि घरचे बाजारात गेले तशी पाट्या भरून माती रोपांना घातली. दोन पोत्यांच्या आठ पाट्या झाल्या. रोपं सात.

पुढच्या वर्षी रोपांनी डोकं वर काढलं. आबा येईल त्याला सांगत सुटले, बघा, मेंढीच्या खताचा गुण. ती चुलीपाशी बसून हसू दाबत असे. ते हसू तिला तीन वर्षं पुरलं. मग भावाचा फोन आला की वडिलांची झाडं एकेक करून वाळली, सगळी तोडावी लागली, मुळांनाच काहीतरी लागलं होतं. त्या दिवसापासून गेली दोन वर्षं ती रोज सकाळी नव्या तुकड्यात जायची. नवरा म्हणायचा, हिला झाडांचं वेडच आहे.

पंधरा दिवसांत पिवळी झाडं चार झाली. आबांनी दोष शोधला तो वरच्याच्या पाटात. पाट बांधावरून वळून नव्या तुकड्याच्या कडेनं उतरायचा. वरच्यानं यंदा कांद्यावर काहीतरी फवारलं होतं, म्हणजे तेच पाण्यातून आलं, हे आबांनी जेवता जेवता ठरवलं. नवऱ्यानं मान डोलावली. सासूबाईंनी विचारलं, मग पाटाकडेचं गवत कसं हिरवं आहे? आबा म्हणाले, गवताला काय कळतं.

दुपारी बापलेक फावडी घेऊन बांधावर गेले आणि पाट बुजवायला लागले. वरचा धावत आला. साठीचा माणूस, पायात चप्पल नाही. ती खालून सगळं बघत होती.

"माझ्या पाण्यानं तुमची झाडं मरतात, मग माझे कांदे काय अमृत पिऊन जगतात?" वरचा म्हणाला.

आबा म्हणाले की कांद्याला आणि चिडीला एका मापानं मोजणाऱ्या माणसाशी त्यांना बोलायचं नाही. वरचा पाटात उतरला आणि हातांनी माती उपसायला लागला. नवऱ्यानं त्याला खांद्याला धरून मागं ओढलं, फार जोरानं नाही. पण चिखल होता. तो गुडघ्यांवर पडला, फावड्याच्या पात्यावर. उठला तेव्हा एका गुडघ्यातून रक्त येत होतं. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. पाण्यानं गुडघा धुतला, तेही त्याच बुजत आलेल्या पाटाच्या पाण्यानं, आणि लंगडत वर गेला. त्याची बायको रोज संध्याकाळी विस्तव न्यायला नाहीतर नुसतं बोलायला यायची. त्या दिवसापासून ती आली नाही.

तिनं त्या रात्री जेवण वाढलं, भांडी घासली. सासूबाई म्हणाल्या, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी का गप्प आहेस? ती म्हणाली, दाढ दुखते. मग सासूबाईंनी लवंग दिली, आणि ती तिला चघळावी लागली.

सहावं झाड पिवळं पडलं तेव्हा नवऱ्यानं तालुक्याहून झाडं तपासणाऱ्या बाईंना आणलं. गळ्यात दोरीला भिंग, पायात रबरी बूट, बोलणं कमी. घरात लगेच त्यांचं नाव भिंगवाली पडलं. त्या आल्या त्या सरळ बुंध्याशी बसल्या, चाकूनं साल सोलली आणि पांढरा पापुद्रा सगळ्यांना दाखवला. मग माती उकरून काळे दोरे वर काढले, बुटाच्या नाडीसारखे. म्हणाल्या, ही बुरशी आहे. मुळाला मूळ लागलं की पुढं जाते, हे दोरे सोडून स्वतःही चालत जाते. औषध नाही. आजारी झाडं मुळासकट काढून जाळायची आणि निरोगी झाडांच्या अलीकडे कमरेइतका चर खणून त्यात जाड प्लॅस्टिकचा कागद उभा करायचा.

"पाण्यातून आली ना?" आबांनी विचारलं.

भिंगवाली म्हणाल्या, पाण्यातून नाही. ही लाकडातून येते, मुळांच्या तुकड्यांतून. बाहेरून माती आणली होती का कुणी?

"या रानात बाहेरची चिमूटभर माती आलेली नाही," आबा म्हणाले. "माझं नाव बदला, आली असेल तर." आणि त्यांनी नवऱ्याला वर पाठवलं, त्या वरच्याला घेऊन ये, त्यानंच पाटातून काही ढकललं असेल, बाईंच्या समोर विचारू.

वाट बघताना भिंगवालींनी मान वर करून थोरलीकडं पाहिलं. तिच्यावर बोंडं लगडली होती. इतकी बोंडं आबांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, फांद्या खाली आल्या होत्या. आबांचा चेहरा उजळला. म्हणाले, दोन वर्षांपासून धरलीत, यंदा पिकतायत, बघा कशी भरली आहे. भिंगवालींनी चाकू पुसून मिटला. मग एवढंच म्हणाल्या, की कधी कधी झाडाला मरणाची चाहूल लागली की ते असंच अंगभर बी धरतं. पण कधी नुसतंच चांगलं वर्षही असतं. या झाडाला काही लागलंय असं मी म्हणत नाही. ते लांब आहे.

आबा हसले. ती हसली नाही. खाली बसली आणि उगाच सुया गोळा करायला लागली.

कारण आठवी पाटी कुठं गेली, हे तिला माहीत होतं. आठवी नव्हे, पहिली. पोती उघडल्यावर पहिली पाटी तिनं थोरलीलाच घातली होती, वरच्या अंगाला, जिथं घरातून कुणाला दिसत नाही. या घरात आल्यावर पहिलं वर्षभर ती तिथंच बसून रडायची. वडिलांची माती आधी तिला द्यावी, असं त्या दिवशी वाटलं. देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

वरचा आला. गुडघ्याला फडकं बांधलेलं, टोपी हातात. रानात यावं की नाही हे न समजून तो उंबऱ्याशी थांबावं तसा बांधाशीच थांबला. आबांनी प्रश्न विचारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ती उठून उभी राहिली. काय बोलली हे तिला नंतर नीट आठवेना. माहेरची माती म्हणाली, दोन पोती म्हणाली, वरच्यांचा काही दोष नाही म्हणाली. सुया नव्हत्या, म्हणाली.

नवरा स्वतःच्या बुटांकडं बघत होता. आबांनी विचारलं, "किती पाट्या?"

"सात," ती म्हणाली.

भिंगवालींनी वहीत सात लिहिलं. वरचा टोपी घालून निघाला. चार पावलं जाऊन वळला आणि आबांना म्हणाला, "पाट माझा मी उघडतो. मदतीला येऊ नका." मग गेला.

खरं बोलल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. ती संध्याकाळपर्यंत हलकी होती. मग भिंगवाली चुन्यानं चराची रेघ मारायला लागल्या आणि ती रेघ थोरलीच्या खालून गेली. नव्या तुकड्याच्या वर, थोरलीच्या खाली. म्हणजे थोरली आणि तिच्या सहा पोरी एका बाजूला, सुरक्षित. थोरलीची मुळं पोरींच्या मुळांत केव्हाच गुंतलेली, आईचा हात धरून झोपावं तशी. तिनं रेघेकडं पाहिलं आणि सांडलेला चुना पायानं मातीत सारला.

सात झाडं तोडली, मुळं उपटली, जाळली. राळेचा धूर दिवसभर डोळ्यांत गेला, म्हणून त्या दिवशी कोण कशानं रडतंय हे कळलं नाही. दुसऱ्या दिवशी चर खणायला घेतला. आबा, नवरा, ती; सासूबाई पाटीनं माती बाहेर टाकायच्या. आबा तिच्याशी बोलत नव्हते. ती हाताच्या अंतरावर असली तरी सासूबाईंना सांगायचे, तिला सांग कुदळ सरळ धर. तिला सांग तिथं दगड आहे. सासूबाई म्हणायच्या, ऐकलं का गं, तुझ्या सासऱ्यांना वाटतं मी टपाल आहे. पण टोमणेही त्यांनी राखून ठेवले नव्हते. भाकरी देताना म्हणाल्या, सुया अंथरल्या म्हणालीस, म्हणून मी कोंबड्यांना चार वेळा विचारलं, सुया कुठं गेल्या. त्यांना बिचाऱ्यांना तरी काय माहीत. आणि लगेच तिच्या तळहाताचे फोड पाहून चिंधी फाडून बांधली, करकचून, दुखेल अशी.

माती वरून भुसभुशीत होती, हातभर खाली घट्ट, त्याखाली वाळू आणि गोटे. तिसऱ्या दिवशी चर मांडीइतका झाला. गार वारा सुटला होता. घाम पाठीवरच थिजायचा. नवरा एकदाच म्हणाला, मला तरी सांगायचं होतंस. तिनं कुदळ उचलली. आठव्या पाटीचं त्याला अजूनही सांगितलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी बाकीचे पाणी प्यायला घराकडं गेले तेव्हा ती मागं राहिली. थोरलीला वळसा घालून वरच्या अंगाला गेली. सहा वर्षांच्या सुया साचल्या होत्या. तिनं त्या बाजूला केल्या. बुंध्याशी, जमिनीच्या जरा वर, राळेचे दोन थेंब होते, स्वच्छ, ताजे. ती तिथं गुडघे टेकून बसली. खुरपं लावायला हात होईना. शेवटी नखानंच साल उचलली. खाली पांढरं होतं. तळहाताएवढं. हे वडिलांचं पांढरं नव्हतं, हे दुसरं पांढरं होतं, आणि आता ते दोन्ही तिला अंधारातही ओळखू आले असते.

वर एक बोंड वाऱ्यानं हललं. पोरींमधली सगळ्यात जवळची सहा पावलांवर होती. तिनं तिच्या बुंध्याकडं पाहिलं, साल पाहिली, मातीवर हात फिरवून पाहिला. तिथं अजून काही नव्हतं. अजून.

चिंधी बांधलेल्या हातानं तिनं थोरलीवर सुया परत ओढल्या. मग थांबली. पुन्हा बाजूला केल्या. तशाच उघड्या ठेवल्या आणि चराकडं आली.

दुपारी कागदाची गुंडाळी आली. जाड, काळा कागद, नवऱ्यानं आणि दोघा गड्यांनी उतरवला. उद्या सकाळी चरात उभा करायचा, दोन्हीकडून माती लोटायची, की झालं. खणायचा शेवटचा दोन हातांचा तुकडा राहिला होता, तो आबांनी स्वतःकडं घेतला. तिथं थोरलीचं एक मूळ चरात आलं होतं, मनगटाएवढं. आबांनी ते कुऱ्हाडीनं तोडलं नाही. करवत मागवली, हळूहळू कापलं, कापलेल्या तोंडावर पाणी टाकून माती लावली आणि दुखऱ्या पोरावर हात ठेवावा तसा हात थोडा वेळ तिथंच ठेवला. ते कमरेइतके चरात उभे होते. पांढऱ्या मिशीला वाळू लागली होती. ती काठावर पाटी धरून उभी होती. सासूबाई आणि नवरा कागदाची गुंडाळी सरकवत होते.

आबांनी वर पाहिलं, सरळ तिच्याकडं. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"तू बोललीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "चिडीला कसली माती लागते, हे तुझा बाप मला सांगत होता, मी ऐकलं नाही. तू उशिरा सांगितलंस. पण सांगितलंस म्हणून ही माझी थोरली राहिली."

त्यांनी वर यायला हात पुढं केला. तिनं तो धरला. तो हात गार आणि खरखरीत होता, राळेनं चिकट. तिनं ओढलं नाही. धरूनच ठेवला, कारण सोडला तर पुन्हा तोंड उघडणार नाही, हे तिला कळत होतं. वर बांधावर वरचा आपला पाट उघडत होता, त्याचं फावडं दगडाला लागल्याचा आवाज येत होता. आबा वाट बघत होते.

"आबा, चर तिच्या खालून नको," ती म्हणाली. "वरून घ्या. पाट्या सात नव्हत्या, आठ होत्या. पहिली मी थोरलीला घातली होती."